वीज अस्मानी, मरण सुलतानी

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाडा-विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. ‘वीज पडून शेतमजूर महिलेचा मृत्यू, दोघी जखमी.’ खाली चार ओळी. गावाचे नाव, तालुक्याचे नाव, ‘महसूल विभागाने पंचनामा केला’, ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’. संपली बातमी. दुसऱ्या दिवशी तिचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही आणि कोणी छापत नाही.

अत्याचाराची बातमी आली की आपण चळवळीतली माणसे तहसीलवर मोर्चा नेतो, निवेदन देतो, ॲट्रॉसिटीची कलमे लागली की नाही ते तपासतो. ते केलेच पाहिजे. पण विजेची ही बातमी आपणही वाचतो आणि पान उलटतो. कारण तिच्यात आरोपी दिसत नाही. आभाळावर एफआयआर कसा करणार? मेलेली बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली, आपल्याच आईच्या वयाची असते. तरी आपण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून गप्प बसतो. या गप्प बसण्यावरच मला बोलायचे आहे.

आपल्या भाषेत संकटांची एक जुनी विभागणी आहे : अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून येते ते सुलतानी. वीज अस्मानी आहे, हे कबूल. पण विजेने येणारे मरण अस्मानी आहे, हे मला कबूल नाही. आभाळ गडगडत असताना कोण पक्क्या घरात जाऊ शकते आणि कोणाला शेतात थांबावे लागते, हे आभाळ ठरवत नाही. ते जमिनीची मालकी ठरवते, मजुरीची पद्धत ठरवते, घरकुलाची यादी ठरवते.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात नैसर्गिक शक्तींमुळे ८,०६० माणसे मेली. त्यातली २,८८७ विजेने, म्हणजे तीनातले एकाहून जास्त. त्याच वर्षी त्याच अहवालात उष्माघाताचे मृत्यू ७३० आहेत. आणि हे एखाद्या वाईट वर्षाचे नाही : २०१९ साली २,८७६, २०२० साली २,८६२, २०२१ साली २,८८०. एवढी नियमितता अपघातात नसते, व्यवस्थेत असते.

आता दुसरा आकडा. अमेरिकेच्या हवामान सेवेकडे असलेल्या नोंदीनुसार तिथे १९४३ साली विजेने ४३२ माणसे मेली होती. २०२१ साली मेली ११. मधल्या काळात तिथली लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली. आभाळ बदलले का? विजा पडायच्या थांबल्या का? नाही. शेतात उघड्यावर राबणाऱ्यांची संख्या घटली, ट्रॅक्टरला बंद केबिन आली, घरे पक्की झाली, त्यांत वायरिंग आणि नळ आले, शाळेत मुलांना धोका समजावून सांगितला गेला. तिथल्या लोकांचे दैव चांगले आणि आपल्या लोकांचे खोटे, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने या दोन आकड्यांकडे पाहून म्हणावे.

इथे एक प्रश्न हमखास येतो, कधी विरोधकांकडून तर कधी आपल्याच मित्रांकडून. ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. वीज काय जात विचारून पडते?’ नाही, वीज जात विचारत नाही. पण दुपारी चार वाजता, ढग भरून आलेले असताना, उघड्या शेतात कोण वाकलेले आहे हे जातीला विचारल्याशिवाय ठरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या एकूण कामकऱ्यांत शेतमजूर ३० टक्के होते. अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांत हेच प्रमाण जवळपास ४६ टक्के होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत अनुसूचित जातींच्या वाट्याला एकूण वहितीखालच्या जमिनीपैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन आहे. म्हणजे आपला माणूस शेतात आहे, पण शेताचा मालक नाही. काम कधी थांबवायचे हे मालक ठरवतो. विजेच्या मृत्यूंचा अहवाल स्त्री-पुरुष सांगतो, वयोगट सांगतो. मेलेला भूमिहीन होता का, कोणत्या समाजाचा होता, हे सांगत नाही. जे मोजले जात नाही त्याच्यावर धोरण होत नाही, हे आपल्याला जनगणनेच्या वादातून पुरेसे कळलेले आहे.

कोरडवाहू दोन एकरवाला कुणबीही विजेने मरतो, मेंढरांमागे फिरणारा धनगर मरतो, तेंदूपत्ता तोडायला आणि मोहफुले वेचायला गेलेला आदिवासी मरतो. हे नाकारण्याचे कारण नाही. उलट म्हणूनच हा प्रश्न आपण घेतला तर एकटे पडणार नाही.

सोयाबीनच्या हंगामाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळे एका जागी दिसते. सप्टेंबर संपताना पीक वाळते आणि परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच येतो, दुपारनंतर, गडगडाट घेऊन. सोंगणी बहुतेक ठिकाणी रोजाने नाही, उक्त्याने किंवा गुत्त्याने असते : एकराला इतके रुपये. टोळीतल्या आठ-दहा बायका-माणसांनी जितक्या लवकर एकर उरकला तितका रोज सुटतो. ढग दाटले म्हणून एक तास बसले तर तो तास त्यांच्या खिशातून जातो, मालकाच्या नाही. मग कोण बसेल? आणि पाऊस अगदी तोंडावर आला की शेतात एकच धावपळ उडते, सोंगलेले सोयाबीन गोळा करा, गंजीवर ताडपत्री टाका. पीक भिजले तर मालकाचे वर्ष गेले, हेही खरे. पण ज्या दहा मिनिटांत माणसाने शेत सोडून पळायला हवे, नेमक्या त्याच दहा मिनिटांत मजूर ताडपत्रीची टोके धरून उघड्या रानात उभा असतो. काम झाले की सगळे धावतात बांधावरच्या बाभळीखाली किंवा कडुनिंबाखाली. वीज झाडावर पडते. वर्तमानपत्र लिहिते, ‘पावसापासून बचावासाठी झाडाखाली थांबले असता काळाने घाला घातला.’ काळाने घातला?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात वतनदारीचे काम असेच होते. सांगावा घेऊन जायचे तर पाऊस असो, वावटळ असो, रात्र असो, जावेच लागे. वतनात हवामानाची सुट्टी नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या राबवून घेण्याविरुद्ध. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातल्या कामाचे तास, पगारी रजा, खाणीतल्या स्त्रियांची प्रसूती यांवर कायदे केले. कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची आणि सरकारची जबाबदारी आहे, मजुराच्या नशिबाची बाब नाही, हा त्या सगळ्यामागचा विचार. कारखान्याच्या भिंतीआड तो विचार थोडाफार पोहोचला. शेताच्या बांधावर तो अजून पोहोचलेला नाही.

नशिबाचा विषय निघालाच आहे तर त्याचाही हिशेब करू. विजेभोवती आपल्याकडे जेवढ्या खुळचट समजुती आहेत तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कशाभोवती असतील. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. जन्मताना पाय आधी बाहेर आले, एवढ्या ‘गुन्ह्या’साठी तो माणूस आयुष्यभर पावसाळ्यात दुसऱ्यांच्या संशयाचा धनी. गडगडले की अर्जुनाची दहा नावे घ्यावीत, हे पोरांना शिकवणारी घरे अजून आहेत. दहा नावे घेत झाडाखाली उभे राहिलात तर अकराव्या नावाची वेळ येणार नाही. आणि सगळ्यात घातक म्हणजे वीज लागलेल्या माणसाला शेणात किंवा चिखलात गळ्यापर्यंत पुरून ठेवण्याचा प्रकार. छत्तीसगड-झारखंडकडून याच्या बातम्या वारंवार येतात. शेण शरीरातली वीज ओढून घेते, असा समज. शरीरात वीज शिल्लक राहतच नाही, तर ओढणार काय? त्या अर्ध्या तासात जो वाचला असता तो मरतो.

भटजींना एक प्रश्न विचारावासा वाटतो. मोठ्या देवळांच्या शिखरावर कळसाच्याही वर एक तांब्याची किंवा लोखंडाची सळई असते, तिला जोडलेली पट्टी भिंतीवरून खाली जमिनीत गेलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिला तडितरक्षक म्हणतात, बाजारात लायटनिंग अरेस्टर. इंद्राच्या वज्रापासून देवाला वाचवायला बेंजामिन फ्रँकलिनची अठराव्या शतकातली सळई लागते, आणि भक्ताला मात्र नामस्मरण पुरते? बुद्धाने सांगितले ते इतकेच : कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही. कारण दूर करा, कार्य थांबेल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत धुडकावला, तो गरिबाच्या हालांना त्याचेच पाप ठरवणारा म्हणून. वीज पडून मेलेल्या मजुराच्या दारात जाऊन ‘त्याचे भोग’ म्हणणारा माणूस तोच सिद्धांत बोलत असतो, मग त्याच्या घरात पंचशीलाचा झेंडा का असेना.

कारण दूर करायचे तर ते आधी नीट समजले पाहिजे. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो, आणि तो जमिनीकडे झेपावतो तेव्हा मधली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. वीज थेट डोक्यावर पडूनच माणूस मरतो असा समज आहे. तसे फार थोड्या वेळा होते. जास्त मृत्यू दोन प्रकारे होतात. वीज झाडावर पडते आणि झाडावरून उडी मारून शेजारच्या माणसात शिरते, कारण माणसाचे शरीर झाडाच्या खोडापेक्षा चांगले वाहक आहे. किंवा वीज जमिनीत उतरते आणि जमिनीतून चहूबाजूंना पसरते. एका पायाने शरीरात येते, दुसऱ्या पायाने बाहेर जाते. दोन पायांत अंतर जितके जास्त तितका धक्का मोठा. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, म्हणून झाडाखाली उभी असलेली अख्खी दावण किंवा शेळ्यांचा कळप एका फटक्यात आडवा होतो. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या बांधीत गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बायका याच कारणाने एकदम पाच-सहा जणी पडतात.

आता यावरून काय करायचे ते आपोआप निघते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आला आहात, पाऊस सुरू झाला असो वा नसो. कितीतरी माणसे पाऊस यायच्या आधी किंवा थांबल्यावर मरतात. चमकल्यापासून गडगडेपर्यंत आकडे मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर येऊ शकते. तेवढ्यात शेत सोडून निघायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचे नाही. यासाठी मोबाईल लागत नाही, शिक्षण लागत नाही, तीसपर्यंत आकडे लागतात.

जायचे कुठे, हा खरा प्रश्न. सगळ्यात सुरक्षित म्हणजे चार भिंतींचे, वायरिंग असलेले पक्के घर, शाळा, विहार, ग्रामपंचायत. नाहीतर पत्र्याच्या टपाचे बंद वाहन : एसटी, जीप, काच लावलेला टेम्पो. वीज टपावरून खाली उतरते, आतल्या माणसाला शिवत नाही, मात्र पत्र्याला हात लावून बसायचे नाही. ट्रॅक्टरची उघडी ट्रॉली, मोटारसायकल, झाड, शेतातली खोप, उसाच्या फडाजवळची पाचटाची नि प्लास्टिकची कोपी, नुसते छप्पर असलेली बसथांब्याची शेड, यांतले काहीही निवारा नाही. पावसापासून वाचवणारी जागा विजेपासून वाचवतेच असे नाही, हे शंभर वेळा सांगावे लागते. जवळ काहीच नसेल तर झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विहिरीच्या मोटारीपासून लांब जा. पाण्यातून बाहेर या. खांद्यावरचे फावडे, टिकाव खाली टाका, छत्री मिटवा. एका ताडपत्रीखाली दहा जणींनी चिकटून बसू नका, एकमेकींपासून वीस-पंचवीस पावले दूर व्हा. एकीला लागले तर बाकीच्या तिला वाचवू शकतील. झोपायचे नाही, कारण मग सगळे अंग जमिनीला लागते. पाय जुळवून, टाचा एकत्र करून उकिडवे बसणे हा शेवटचा उपाय आहे आणि तोही खात्रीचा नाही. उघड्यावर सुरक्षित अशी जागा नसते. घरात असाल तर नळाखाली अंघोळ-धुणीभांडी थांबवा आणि चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलू नका. नुसता खिशातला मोबाईल मात्र वीज ओढत नाही, ही आणखी एक अफवा.

आणि वीज लागलीच तर? बहुतेकदा हृदय आणि श्वास बंद पडतो, माणूस मेल्यासारखा दिसतो. तो मेलेला नसू शकतो. त्याला हात लावल्याने धक्का बसत नाही. आडवे करा, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, जोरात दाबत राहा. तीस वेळा दाबल्यावर दोनदा तोंडाने श्वास द्या. विजेच्या बाबतीत श्वास देणे फार महत्त्वाचे, कारण हृदय पुन्हा चालू झाले तरी श्वास उशिरापर्यंत बंद राहू शकतो. एकाच वेळी अनेकांना लागले असेल तर जो विव्हळतोय त्याच्याकडे नंतर जा, जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी. इतर अपघातांच्या उलटा नियम आहे हा. कोणीतरी १०८ ला फोन लावत राहील, पण गाडी येईपर्यंतची वीस-तीस मिनिटे आपल्याच हातात असतात. वस्तीतल्या प्रत्येक तरुण-तरुणीला हे छाती दाबणे आले पाहिजे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मागणी केली तर शिकवणारे मिळतात.

आता सुलतानी बाजूकडे वळतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती निवारण निधीचे जे निकष ठरवले त्यात बारा आपत्ती आहेत : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, टोळधाडीसारखे किडींचे हल्ले, इतकेच नव्हे तर बर्फाचे कडे कोसळणेही. या देशात नैसर्गिक शक्तींमध्ये सगळ्यात जास्त माणसे मारणारी वीज त्या यादीत नाही. राज्यांनी ती ‘राज्य आपत्ती’ म्हणून स्वतः घोषित करायची आणि निधीतल्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत भागवायचे. महाराष्ट्राने ते केले आहे, त्यामुळे इथे मृत्यूला चार लाख रुपये मिळतात. त्याच निकषांनुसार साठ टक्क्यांहून जास्त अपंगत्व आले तर अडीच लाख, चाळीस ते साठ टक्क्यांना ७४,००० रुपये, दुभते जनावर मेले तर ३७,५००, शेळी-मेंढी ४,०००. हे भीक नाही, हक्क आहे, आणि तो मिळवण्यात आपले लोक एका जागी हमखास अडकतात. शवविच्छेदन. ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून माती देतात आणि मग तहसीलचा कारकून म्हणतो, वीज पडूनच मेला याला पुरावा काय? म्हणून कार्यकर्त्याने दुःखाच्या त्या घरात पहिल्या तासात हेच सांगायचे : पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, आणि तलाठ्याला लगेच खबर. जनावर मेले तर पशुवैद्यकाचा पंचनामा झाल्याशिवाय पुरायचे नाही.

आता खरी मेख. राज्यात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. वीज पडून मृत्यू आला तर दोन लाख. कोणाला? वहितीधारक खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव हवे. एकाच झाडाखाली, एकाच विजेने शेताचा मालक आणि त्याची मजूर दोघे मेले, तर मालकाच्या घराला या योजनेचे दोन लाख, मजुराच्या घराला शून्य. त्या मालकाला ते मिळू नयेत असे मी म्हणत नाही, मिळालेच पाहिजेत. पण आभाळाने ज्यांच्यात फरक केला नाही त्यांच्यात सातबाऱ्याने केला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते का, हे आजच्या पोरांना पुस्तकातून कळत नसेल तर या योजनेच्या अर्जावरून कळेल. एका विधवेच्या कागदांसाठी मी फिरलो तेव्हा खिडकीतल्या बाबूने तिला तीनदा सातबारा मागितला. सातबारा असता तर ती दुसऱ्याच्या रानात गेली असती का, हे त्याला विचारून झाले. उत्तर मिळाले नाही.

ते होईपर्यंत हाती आहे ते वापरा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देते, १८ ते ७० वयापर्यंत, आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू तिच्यात धरला जातो. वर्ष १ जूनला सुरू होते, त्याआधी खात्यात वीस रुपये नसले तर विमा बंद पडतो. मे महिन्यात वस्तीत एक संध्याकाळ पासबुके घेऊन बसलात तर हे काम होते.

कायद्याची एक वाट अजून आहे आणि ती आपल्या वकील मित्रांनी वाचावी. राजस्थानात सरकारी कामावर असलेली एक मजूर स्त्री वीज पडून मेली. सरकारचे म्हणणे, वीज ही नैसर्गिक गोष्ट, तिच्या कामाशी संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. ती कामावर नसती तर त्या जागी त्या धोक्यासमोर उभीच राहिली नसती, असा त्या निकालाचा आशय आहे आणि भरपाई कायम झाली. २००१ च्या एससीसीच्या नवव्या खंडात पान ३९५ वर तो सापडेल. माझ्या या लेखाचे सगळे म्हणणे त्या एका तर्कात आहे. पण त्यातली अडचणही पाहा : १९२३ च्या ज्या भरपाई कायद्याखाली हा निकाल आला, त्याच्या यादीत शेतीतला मजूर यायचा तो ट्रॅक्टर किंवा यंत्राने चालणाऱ्या शेतीवरचा. कायद्याला ट्रॅक्टर ओळखू येतो, विळा ओळखू येत नाही.

म्हणून मागणी साधी आणि स्पष्ट असावी असे मला वाटते : गडगडले की काम बंद, हजेरी पूर्ण. उक्त्याच्या कामात ठरलेल्या दरातच थांबण्याच्या वेळेचा दर धरायचा. भूमिहीन शेतमजुराला शेतकऱ्याच्या बरोबरीचे अपघात अनुदान. रमाई आवासची घरकुले रखडवून लोकांना पत्र्याखाली ठेवणाऱ्यांना जाब. ग्रामपंचायतीने लायटनिंग अरेस्टर बसवला असेल तर तो कुठे बसवला, हा ग्रामसभेत प्रश्न. साधी सळई तिच्या उंचीएवढ्याच परिघाला जेमतेम आसरा देते. गावठाणातल्या इमारतीवरची सळई गावाबाहेरच्या वस्तीला आणि शिवारातल्या मजुराला वाचवत नाही, ठेकेदार काहीही सांगो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोफत ॲप काढले आहे. तुमच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते इशारा देते. चांगले काम आहे, टाकून घ्या. पण स्मार्टफोन टोळीतल्या बायकांकडे नसतो, मुकादमाकडे असतो. मग मुकादमाने इशारा लपवला तर? टोळीत एका मुलीकडे ते ॲप असलेला फोन असावा आणि ती म्हणाली की सगळ्यांनी उठावे, हे सोंगणीचा दर ठरवतानाच मालकाशी ठरवून घेता येते. दहा बायका एकदम उठल्या तर एकीला काढून टाकणे मालकाला जमत नाही, त्याचे पीक त्याला प्यारे असते.

राहिला आपल्या स्वतःच्या घरचा प्रश्न. आपले सगळे मोठे कार्यक्रम नेमके गडगडाटाच्या दिवसांत येतात. १४ एप्रिलची मिरवणूक संध्याकाळी निघते, अवकाळीची वेळ. मे महिन्यात बुद्धपौर्णिमा. ऑक्टोबरमध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर आणि पाठोपाठ १५-१६ तारखेला चंद्रपूरला लाखो माणसे उघड्या मैदानात, मुले-म्हातारी घेऊन. लोखंडी पाइपांचा मंडप, त्यावर ओले कापड, खाली जनरेटरच्या वायरी, आणि मंचावरून निवेदक सांगतो, ‘पाऊस आला तरी कोणी जागेवरून हलू नका, आपण भीमाची लेकरे आहोत.’ टाळ्या पडतात. हे धाडस नाही. मंडप हा विजेपासूनचा निवारा नाही, आणि मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर सगळ्यात उंच जागी झेंडा धरून उभा असलेला पोरगा आपला आहे. जयंती समितीच्या पहिल्या बैठकीत वर्गणी आणि डीजेच्या आधी एवढे ठरवा : जवळची शाळा, विहार किंवा समाजमंदिर त्या संध्याकाळी उघडे राहील, त्याची किल्ली कोणाकडे असेल, आभाळाकडे कोण लक्ष ठेवील, आणि वक्ता कितीही मोठा असला तरी त्याच्या हातातला माइक बंद करण्याचा अधिकार कोणाला असेल. नाव ठरवा, इतिवृत्तात लिहा.